लेंटमधल्या रोजच्या वाचनासाठी यूव्हर्जनचं बायबल ॲप: मराठी वाचकाला कितपत उपयोगी?

आधी निकाल सांगतो. वाचायचा ग्रंथ म्हणून यूव्हर्जनचं बायबल ॲप पाचपैकी साडेचार, आठवण करून देणारं साधन म्हणून तीन, आणि लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस मराठीतून हाताला धरून नेणारा सोबती म्हणून जेमतेम दोन. तरीही ते फोनमध्ये असावं असंच माझं मत आहे. फक्त त्याच्या भरवशावर लेंट सोडू नये. वाचनाचा क्रम आपण ठरवायचा आणि ॲपने ग्रंथ पुरवायचा, अशी कामाची वाटणी केली की ते फार चांगलं चालतं.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ.चर्च या मंडळीने २००८ मध्ये हे ॲप आणलं. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आपल्या ओळखीची आरव्ही (रिव्हाइज्ड व्हर्जन) आवृत्ती यात आहे, आणि त्याच संस्थेची सोप्या भाषेतली कॉमन लँग्वेज आवृत्तीही आहे. ज्यांच्या कानात लहानपणापासून आरव्हीची भाषा बसली आहे त्यांनी प्रार्थनेसाठी तीच ठेवावी. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलांना मात्र ती जड जाते, त्यांना कॉमन लँग्वेज लावून द्या. एखादं वचन अडलं तर त्यावर बोट टेकवा. खाली तुलनेचा पर्याय येतो आणि तेच वचन दुसऱ्या आवृत्तीत शेजारी दिसतं. पौलाच्या पत्रांमधल्या लांबच लांब वाक्यांना हा पर्याय खरा कामी येतो.

बसवताना बहुतेकांची एक गफलत होते. ॲपची भाषा आणि बायबलची भाषा या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. बायबल मराठी केलं म्हणून वाचन-योजना मराठी होत नाहीत, कारण कोणत्या भाषेतल्या योजना दिसणार हे ॲपच्या भाषेवर ठरतं. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन ॲपची भाषा मराठी करा, मग वाचनाच्या पानावर वरती आवृत्तीचं नाव दिसतं तिथे मराठी आवृत्ती निवडा. आवृत्तीसमोर डाउनलोडची खूण असेल तर घरच्या वायफायवर ती उतरवून घ्या, म्हणजे वाचताना नेटची गरज उरत नाही. अक्षरं मोठी करायची सोय वाचनाच्या पानावरच आहे. घरातल्या मोठ्यांना फोन देण्याआधी ती दोन पायऱ्या वाढवून ठेवा. देवनागरीतली जोडाक्षरं लहान टाइपात डोळ्यांना फार त्रास देतात आणि वाचन सुटण्याचं ते एक अगदी साधं कारण असतं.

आता योजनांकडे. इंग्रजीत लेंटच्या योजना भरपूर आहेत, मराठीत त्या मानाने मोजक्या. त्याहून मोठी अडचण दिवसांच्या हिशोबाची आहे. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून चाळीस. ॲपला हे माहीत नसतं. तिथली चाळीस दिवसांची योजना रविवारसकट सलग चाळीस दिवस पळते. २०२६ चंच बघा: राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी, ईस्टर ५ एप्रिल. बुधवारी सुरू केलेली योजना २९ मार्चला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ऐन झावळ्यांच्या रविवारी संपते. दुःखसहनाचा आठवडा उजाडतो आणि हातात वाचन काही नाही. सवय तुटायला याहून वाईट मुहूर्त नाही.

यावर दोन उपाय आहेत. योजना सुरू करण्याआधी तिचे दिवस मोजा. ४७ दिवसांची असेल तर ती बरोबर ईस्टरला संपते. चाळीस दिवसांचीच आवडली असेल तर रविवारी ती उघडू नका आणि सोमवारी योजनेच्या सेटिंगमधला मागे पडलेले दिवस जुळवून घेण्याचा पर्याय वापरा. त्याने वाचन गाळलं जात नाही, तारखा एक दिवस पुढे सरकतात. सहा रविवार असे सरकले की चाळिसावा दिवस पवित्र शनिवारी येतो. मात्र मधल्या वारी दिवस चुकला तर हाच पर्याय दाबू नका, नाहीतर शेवट ईस्टरच्या पलीकडे जाईल. चुकलेला भाग सोडून द्या आणि आजचा वाचा. दोन दिवसांचं एकदम वाचून काढायचं म्हटलं की तिसरा दिवसही बुडतो, हे वर्षानुवर्षं दिसतं.

मला विचाराल तर तयार योजनेपेक्षा मार्कचं शुभवर्तमान बरं. सोळा अध्याय, पावणेसातशेच्या आसपास वचनं. राखेच्या बुधवारापासून झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारपर्यंत, रविवार सोडून, ३४ दिवस मिळतात. पहिले तेरा अध्याय त्या ३४ दिवसांत वाटले तर रोज साधारण सोळा वचनं होतात. अध्याय १४ आणि १५, म्हणजे शेवटचं भोजन ते कबर, मिळून ११९ वचनं. ती दुःखसहनाच्या आठवड्यातल्या सोमवार ते शनिवार या सहा दिवसांसाठी राखून ठेवा, रोज वीसच्या आसपास. सोळावा अध्याय ईस्टरच्या सकाळी. सोळा वचनं सावकाश वाचायला तीन-चार मिनिटं लागतात, त्यामुळे दोनदा वाचता येतात, आणि दुसऱ्या वाचनातच काहीतरी अडतं, थांबवतं. उत्पत्तीपासून सुरुवात करणारे बहुतेक जण निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या मापांपाशी किंवा लेवीयच्या अर्पणांपाशी अडखळतात. त्यात श्रद्धा कमी पडलेली नसते. तो मजकूर सोबतीला कोणी समजावणारं असल्याशिवाय एकट्याने रोज वाचण्याजोगा नाही, एवढंच.

स्वतःची योजना ॲपमध्ये बनवता येत नाही, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव. त्याऐवजी बुकमार्क वापरा: आज जिथे थांबलात त्या वचनावर एक, उद्या तो काढून पुढच्या वचनावर. चाळीस दिवसांची वाटणी मात्र कागदावर लिहून देवघराशेजारी किंवा फ्रिजवर लावा. घरातल्या सगळ्यांना ती दिसते आणि फोन न उघडताच आजचा भाग कळतो.

रविवारी मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं, शुभवर्तमान आदल्या रात्री वाचून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीचं प्रवचन वेगळंच ऐकू येतं. २०२६ हे तीन वर्षांच्या वाचनचक्राचं पहिलं, म्हणजे 'अ' वर्ष. त्यात लेंटचे रविवार फार समृद्ध आहेत: मत्तय ४ मधली परीक्षा, मत्तय १७ मधलं रूपांतर, योहान ४ मधली शोमरोनी स्त्री, योहान ९ मधला जन्मांध, योहान ११ मधला लाजर, आणि झावळ्यांच्या रविवारी मत्तयाचं दुःखसहन. योहानाचे हे तीन अध्याय लांब आहेत, त्यांना शनिवारी रात्री वीस मिनिटं द्या. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधली वाचनसूची काही ठिकाणी वेगळी असते, ती आपल्या पाळकांकडून घ्यावी.

रोजच्या मिस्सेची वाचनं ॲपमध्ये शोधणाऱ्या कॅथलिकांसाठी दोन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही आणि माणूस गोंधळतो. पहिली: आरव्ही हे प्रॉटेस्टंट ग्रंथसूचीचं बायबल आहे, कॅथलिक बायबलमधले काही भाग त्यात नाहीत. लेंटच्या पाचव्या सोमवारी सुसान्नेची कथा येते, दानीएल १३. ॲपमध्ये दानीएल बाराव्या अध्यायालाच संपतो. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी अग्निकुंडातल्या अजऱ्याची प्रार्थना, चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी ज्ञानग्रंथाचा दुसरा अध्याय, पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी एस्तेरची प्रार्थना, यांचंही तेच. ॲप बिघडलेलं नाही. त्या दिवसांपुरतं घरातलं कॅथलिक बायबल काढा. दुसरी: स्तोत्रांच्या वचनांचे क्रमांक. मिस्सेच्या सूचीत स्तोत्राचं शीर्षकही क्रमांकात धरलेलं असतं, आरव्हीत ते धरत नाहीत. म्हणून सूचीतलं स्तोत्र ५१:३ हे ॲपमध्ये ५१:१ असतं आणि सूचीतलं १२ म्हणजे इथलं १०. राखेच्या बुधवारी हेच स्तोत्र असतं, तेव्हा पहिल्याच दिवशी हा फरक समोर येतो.

आठवणीच्या सूचनेबद्दल. ॲपमध्ये आजच्या वचनाची सूचना आणि योजनेची सूचना, दोन्हींची वेळ ठरवता येते. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची यंत्रणा मागे चालणारी ॲप बंद करते आणि मग सूचना उशिरा येते किंवा येतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा. त्याहून भरवशाचं म्हणजे फोनचा साधा गजर लावा आणि त्याला 'मार्क' असं नाव द्या. गजर झाल्यावर ॲप उघडण्याआधी डू नॉट डिस्टर्ब चालू करा. सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याच्या टँकरचा निरोप वाचनाच्या मध्ये आला की बोट तिकडे जातंच.

वेळ कोणती? घड्याळाची वेळ धरण्यापेक्षा रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन बांधा: डबे भरून झाल्यावर, किंवा रात्री गॅस पुसून झाल्यावर. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला जाणाऱ्यांना गाडीत साधारण अर्धा तास मिळतो आणि गाडी ठाण्यातूनच सुटत असल्याने कधी बसायलाही मिळतं. तो वेळ वाचलेला भाग पुन्हा एकदा वाचायला छान. ऐरोलीला उतरणाऱ्यांनी मात्र गाडीवर विसंबू नये, दहाएक मिनिटांत स्टेशन येतं आणि त्यातला निम्मा वेळ दाराशी सरकण्यात जातो. मूळ प्रार्थना घरीच, बसून, दार लावून करा. राखेच्या बुधवारच्या शुभवर्तमानात, मत्तय ६ मध्ये, नेमकं तेच सांगितलं आहे.

बारा-पंधरा मिनिटांची एक बैठक पुरते. मिनिटभर गप्प बसायचं, क्रूसाची खूण करायची. भाग दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा ओठ हलवून, कारण नुसत्या नजरेने वाचलेलं पटकन ओसरतं. मग अडलेलं एकच वचन धरून चारेक मिनिटं थांबायचं. त्या वचनावर ॲपमध्ये एका ओळीची टिपण करायची. लांब टिपणीच्या नादाने आठवड्याभरात कंटाळा येतो, म्हणून ओळ एकच. नंतर एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. ॲपमधल्या प्रार्थनांच्या यादीत अशी नावं साठवून त्यांची आठवणही लावता येते. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण आजारी शेजाऱ्याचं नाव दुसऱ्या आठवड्यातही समोर येतं.

आणि आता ज्याबद्दल माझी खरी तक्रार आहे ते: सलग दिवसांचा आकडा, स्ट्रीक. ॲप किती दिवस सलग उघडलं ते हा आकडा मोजतो. वाचलं की नाही, प्रार्थना झाली की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. आकडा वाढला की माणूस समाधानी होतो, आणि एक दिवस चुकून तो पुन्हा सुरुवातीला गेला की सगळं संपल्यासारखं वाटून सोडून देतो. लेंटचा सगळा अर्थच परत येण्यात आहे. पडलेल्याला शून्यावर नेऊन बसवणारा हिशोब या काळाला शोभत नाही. त्या आकड्याकडे पाहू नका. तरुण मुलांशी याबद्दल मुद्दाम बोला, त्यांच्यावर त्याचा परिणाम जास्त होतो.

मित्रांसोबत योजना करण्याची सोय चांगली आहे, पण त्यासाठी प्रत्येकाकडे खातं हवं. एससीसीतल्या (चर्चच्या वस्तीपातळीवरच्या लहान ख्रिस्ती समूहातल्या) ज्येष्ठांकडे ते नसतं, काहींकडे तर साधा फोनच असतो. तिथे आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून त्या आठवड्याचा मार्कचा भाग मोठ्याने वाचणं जास्त जमतं. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट असते, त्या दिवशी घरचं वाचन सकाळीच उरका. क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानांना ॲपची काहीच गरज नाही, हातातली पुस्तिका पुरे.

छापील बायबल की ॲप, असं कोणी विचारलं तर घरी छापील, बाहेर ॲप, असं मी सांगेन. कागदावर आपण ग्रंथात कुठे आहोत ते बोटांना कळतं, आणि आजूबाजूच्या वचनांवरही नजर पडते. ज्यांची दृष्टी अधू आहे किंवा जे रोज तास-दोन तास प्रवासात असतात, त्यांना मात्र ॲपच सोयीचं.

ईस्टर झाल्यावर गजर बंद करू नका. ईस्टर ते पेंटेकॉस्ट या पन्नास दिवसांत मिस्सेत प्रेषितांची कृत्ये वाचतात. त्याचे २८ अध्याय आहेत, रोज पाऊण अध्याय घेतला तर पेंटेकॉस्टच्या आत आरामात होतात. बुकमार्क मार्कवरून काढून कृत्ये १:१ वर ठेवा.