खाऱ्या वाऱ्यातला पोलादी दरवाजा : १४ महिन्यांनंतर

आमचं पुढचं दार पश्चिमेला आहे. समोर समुद्र, मध्ये आडोसा काहीच नाही. पावसाळ्यात पाण्याचा झोत सरळ दारावर येतो, एरवी दुपारनंतर उन्हाचा मारा, आणि खारी हवा तर बारा महिने. आधीचं लाकडी दार पावसात इतकं फुगायचं की खांदा लावून उघडावं लागे. शेवटी ते काढून पोलादी दरवाजा बसवला. त्याला आता १४ महिने झाले. एक अख्खा पावसाळा, एक उन्हाळा आणि दुसऱ्या पावसाची सुरुवात त्याने पाहिली आहे.

घेताना मी भेटेल त्याला एकच विचारत होते : पत्रा किती गेजचा? गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, आणि २० म्हणजे जेमतेम ०.९. मी १८ घेतला आणि तो पुरेसा ठरला. दाबला तर दबत नाही, अजून कुठे पोचा नाही. पण गंज कुठे आणि कधी धरणार, हे जाडीवर ठरत नाही. माझं दार मधोमध अजून नव्यासारखं आहे. बिघडलं ते तळाशी, कोपऱ्यात.

पाचव्या महिन्यात, पाऊस सरता सरता, खालच्या डाव्या कोपऱ्यात रंगाखाली नखाएवढा फुगवटा दिसला. टोकरला तर आत तपकिरी भुकटी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. वर नखाएवढा दिसला तरी आत तो बराच पसरलेला असतो. पत्र्यावर जस्ताचा थर होता, मग गंज आला कुठून? दार उतरवल्यावर कळलं. तळाची पट्टी वेल्डिंग करून जोडली होती. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि वेल्डिंगची आंच त्याच्या कितीतरी वर जाते, म्हणजे नेमक्या त्या सांध्यावरचं जस्त उडून गेलं होतं. तिथे झिंकचा प्रायमर (रंगाआधीचा जस्तयुक्त हात) न मारताच वरून पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून पक्का करायचा भुकटीचा रंग, केलेलं. त्यात तळाला पाणी निघायला एकही भोक नव्हतं. आत शिरलेलं खारं पाणी महिनोन्‌महिने तिथेच मुरत राहिलं.

बनवणाऱ्याने चूक मान्य केली. सांधा पार चकाकेपर्यंत घासला, झिंकयुक्त प्रायमरचे दोन हात दिले, तळाला तीन भोकं पाडली आणि भोकांच्या कडांनाही प्रायमर लावला. आत फोम भरलेला असल्यामुळे दार पुन्हा पावडर कोटिंगच्या भट्टीत घालता येत नव्हतं, म्हणून वरून फवाऱ्याने पॉलियुरेथेन रंग मारला. त्या जागेवर मी दर पंधरवड्याला बोट फिरवून बघते. नऊ महिने झाले, सांधा गुळगुळीत आहे.

रंगाचं मात्र माझंच चुकलं होतं. मी गडद तपकिरी निवडला. दुपारी बाहेरचा पत्रा हात टेकवत नाही इतका तापायचा, आतला त्या मानाने थंड. तापलेली बाजू लांबते, दुसरी लांबत नाही, आणि दार धनुष्यासारखं मधोमध बाहेर फुगतं. २.१ मीटर उंच आणि ४५ मिलिमीटर जाड दाराच्या दोन तोंडांत ३० अंशांचा फरक पडला, तर मोकळं दार मध्यभागी चारेक मिलिमीटर वाकू शकतं. डोळ्याला जाणवत नाही, पण संध्याकाळी वरची कडी खाचेत बसेना. दुरुस्तीच्या वेळी फिकट राखाडी रंग दिला आणि खाच थोडी रुंद करून घेतली. उन्हाळ्यात कडी एकदाही अडली नाही. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात हाच ताप उलटा होतो. पोलादातून उष्णता फोमच्या सुमारे २००० पट वेगाने जाते, त्यामुळे चौकटीत आतला आणि बाहेरचा पत्रा थेट भिडलेला असेल तर आतल्या बाजूला दव धरतं आणि गोठतंही. तिथे मधली उष्णतारोधक पट्टी नसलेलं दार घेऊच नये.

आणखी एक गोष्ट. आपण ‘स्टील’ म्हणतो तेव्हा मनात स्टेनलेस असतं, दारवाला मात्र बहुधा जस्त चढवलेल्या माइल्ड स्टीलबद्दल, म्हणजे गंजणाऱ्या साध्या पोलादाबद्दल, बोलत असतो. ‘लोखंडी’ नक्षीदार दारंही आज बहुतेक माइल्ड स्टीलचीच असतात. दिसायला फार देखणी, पण प्रत्येक वेलबुट्टीच्या खाचेत मीठ साचतं, म्हणून अशा हवेत मी सपाट दारच घेईन. स्टेनलेसमध्येही फरक आहे. माझ्या ३०४ प्रतीच्या मुठीवर दोन महिन्यांत तपकिरी ठिपके आले. आता ३१६ लावली आहे. तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ती खाऱ्या हवेला जास्त तोंड देते. ती स्वच्छ आहे.

बिजागऱ्या चार घेतल्या, बेअरिंगच्या. नुसत्या दोन पत्र्यांचंच वजन ४० किलोच्या घरात जातं, त्यामुळे तीनवर भागवायला मन धजेना. दार अजून केसभरही खाली आलेलं नाही.

देखभाल म्हणजे महिन्यातून एकदा गोडं पाणी आणि मऊ फडकं. सर्वांत आधी पुसायचा तो छज्ज्याखालचा वरचा भाग, कारण पावसाचं पाणी तिथवर पोचत नाही आणि मीठ धुतलं जात नाही. आधी मी नेमका तोच भाग सोडून देत होते.

सध्या खटकतं ते खालचं रबर. उंबरठ्याला घासून ते चपटं झालंय आणि जोराच्या सरीत चमचाभर पाणी आत येतं. या वेळी ईपीडीएमचं, म्हणजे ऊन-पावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचं, मागवलं आहे. ते बसवताना दार पुन्हा उतरवावं लागेल, तेव्हा तळाची तिन्ही भोकं तुंबली नाहीत ना, हेही तारेने तपासून घेणार आहे.