डिकीवरचा स्पॉयलर: रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत दहा महिन्यांनंतर

गाडी टर्बो पेट्रोल सेडान, पुढच्या चाकांवर चालणारी, रिकामं वजन 1,100 किलोच्या आसपास. डिकीवर स्पॉयलरचे, म्हणजे हवेचा प्रवाह वळवणाऱ्या पट्टीचे, दोन प्रकार लावून झाले. एप्रिलअखेरपासून दिवाळीपर्यंत दोन पायांवर उभं राहणारं एबीएस प्लास्टिकचं पातं, 120 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद. त्यानंतर आजतागायत डिकीच्या काठाला चिकटणारी बोटभर उंचीची लिप. वापर रत्नागिरी शहर, आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता, कोल्हापूरकडे आंबा घाट आणि मुंबई-गोवा महामार्ग. म्हणजे अर्धा वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आणि उरलेला खड्डे चुकवण्यात.

पिकअप वाढतो का, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात संपतं: नाही. स्पॉयलर इंजिनाला काहीच देत नाही. खरा प्रश्न आहे तो गाडी रस्त्याला जास्त चिकटते का हा, आणि त्याचं उत्तर वेगावर ठरतं.

हिशोब साधा आहे. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वरच्या मापाचं पातं, नीट आकाराचं, स्वच्छ हवेत, असं सगळं त्याच्या बाजूने धरलं तर ताशी 60 किमीला ते गाडीला सुमारे 3 किलोने खाली दाबतं. अडीचशे ग्रॅमच्या फळाने मोजलं तर एक डझन हापूस. 100 ला साडेआठ किलो, म्हणजे तीन डझनाला थोडं कमी. 160 ला सात डझन, 200 ला अकरा डझनांच्या वर. आता या गाडीच्या मागच्या चाकांवर मुळातच 440 किलोच्या आसपास भार असतो. घाटात 40-50 ने वर चढताना त्यावर डझनभरही आंबे पडत नाहीत, मग वळणात फरक जाणवणार कुठून? चौपदरी दुभाजित महामार्गावर केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा 100 आहे, इतर रस्त्यांवर 70. कायद्यात राहून गाडी चालवली तर या रस्त्यांवर तीन डझनांच्या पुढे जाताच येत नाही.

पात्याची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. डिकीत पाच डझनाची पेटी ठेवली तर मागची चाकं पंधरा किलोने दाबली जातात, पण वळणात ते पंधरा किलो गाडीला बाहेरही ओढतात. हवेच्या दाबाला हे ओढणं नाही. चाकांवर भार वाढतो, पण वळवायचं वस्तुमान वाढत नाही. शर्यतीच्या गाड्या पात्यांसाठी इतका आटापिटा करतात तो याचसाठी, आणि तिथे वेगही तसे असतात.

स्पॉयलर म्हणजे निव्वळ शोभा, असं म्हणणाऱ्यांनी ऑडी टीटीचं उदाहरण आठवावं. 1998 मध्ये ती गोल पाठीची गाडी आली तेव्हा मागे काहीच नव्हतं. जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगात मागचा भाग हलका होऊन अपघात झाले. कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर लावला, सस्पेन्शन बदललं आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा बसवली. 1973 च्या पोर्शे 911 कॅरेरा आरएसचं बदकाच्या शेपटीसारखं मागचं झाकणही त्याच कामाचं. पुढे 1989 च्या 911 मध्ये स्पॉयलर 80 किमीच्या वर आपोआप उघडू लागला. म्हणजे त्याखालच्या वेगात तो झाकून ठेवला तरी चालतो, हे खुद्द बनवणाऱ्यांनीच ठरवलं. आणि या 911 ची इंजिनं मागे, ओढणारी चाकंही मागे.

आपल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गणित उलटं पडतं. पातं मागच्या आसाच्या साधारण 75 सेंमी मागे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, 250 सेंमी धरा. पात्यावर 10 किलो आले तर मागच्या चाकांवर 13 पडतात आणि पुढच्या चाकांवरचे 3 कमी होतात, अगदी बागेतल्या सी-सॉसारखं. गाडी ओढायची, वळवायची आणि बहुतेक ब्रेकही लावायचा तो पुढच्या चाकांनी, आणि भार काढून घेतला तो त्यांच्याच डोक्यावरचा. मोठ्या वेगात अशी गाडी वळणात अजूनच बाहेर सरकते. फक्त मागे पातं लावून पुढे काहीच न करणं हा अर्धा उद्योग आहे.

बाजारातल्या स्वस्त पात्यांची अजून एक गंमत. पात्याची खालची बाजू जास्त फुगीर हवी, कारण ओढ तिथे तयार होते. अनेक पाती दोन्हीकडून सारखी किंवा चक्क उलटी असतात. घेताना बाजूचं टोक डोळ्यासमोर धरून पाहा. कोन बदलता येणारे पाय असतील तर जास्त उभं करण्याचा मोह होतो. साधारण 12-15 अंशांपुढे हवा खालच्या बाजूपासून सुटते, दाब वाढत नाही, अडथळा तेवढा वाढतो. शिवाय सेडानच्या डिकीवर बुटकं पातं छपराच्या आडोशात येतं, तिथे हवा मंद आणि गढूळ. वरचे डझनांचे आकडे म्हणूनच कमाल समजावेत. खात्री करायची तर लोकरीचे बोटभर धागे कागदी टेपने मागच्या काचेवर, डिकीवर आणि पात्याच्या खाली चिकटवा आणि मागच्या गाडीतून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. धागे सरळ मागे ताणलेले दिसले तर हवा चिकटून आहे. गोल फिरत असतील तर तिथे पातं लावून उपयोग शून्य. आठ-दहा रुपयांच्या लोकरीत हे कळतं.

मायलेजचा फरक रोजच्या वापरात पकडता येण्याजोगा नाही. एसी, टायरमधली हवा आणि महामार्गावरची वळणवाट यांचा गोंधळ त्याहून मोठा. 40 च्या वेगाला हवेचा अडथळा टायरांच्या लोळण्याच्या अडथळ्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. 80 ला तो पुढे जातो.

कोकणात स्पॉयलरची खरी परीक्षा वाऱ्यात होत नाही, पावसात आणि खारात होते. इथे वर्षाला 3,000 मिमीच्या वर पाऊस. बसवणं आगोटीच्या आधीच उरकावं, जुलैत नको. दमट पत्र्यावर दुहेरी टेप धरल्यासारखी वाटते आणि आठवड्याने कोपरा उचलते. टेप ॲक्रिलिक फोमची, थ्रीएम व्हीएचबी किंवा त्या जातीची. साधी स्पंजची अजिबात नको. आधी शाम्पूने धुणं, मग मेण आणि पॉलिश पूर्ण निघेपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसणं. पेट्रोलने पुसू नये, तेलकट थर राहतो. प्लास्टिकच्या बाजूला प्रायमरचा एक हात. चिकटवल्यावर प्रत्येक ठिकाणी तळव्याने जोर देऊन दाबायचं. वीस मिनिटांत निम्मी पकड येते, पूर्ण यायला 72 तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही, आणि नंतरही प्रेशरचा पाइप टेपच्या कडेवर हातभर अंतराच्या आत आणायचा नाही. कोपरे सुटण्याचं निम्मं कारण सर्व्हिसिंगच्या धुण्यात आहे.

लिपला टेप पुरते. पायांच्या पात्याला पुरत नाही, बोल्ट लागतात, म्हणजे डिकीच्या पत्र्याला भोक आलं. भोक पाडलं की कडेचा गॅल्व्हनाइज्ड थर आणि रंग गेला, आणि इथल्या हवेत गंज पावसाळाही थांबत नाही. भोकाची कड कानशीने साफ करून झिंकचा प्रायमर, वर टचअपचा रंग, तो पूर्ण सुकल्यावरच बोल्ट. एम-6, म्हणजे 6 मिमी जाडीचा, पुरतो. स्टेनलेस 316 ग्रेडचा घ्यावा, 304 ला किनाऱ्यावर चहासारखे डाग पडतात. पत्रा आणि स्टेनलेसच्या मध्ये नायलॉनचा वायसर हवा, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात पत्रा आधी खाल्ला जातो. ॲल्युमिनियमच्या पायांचं तर याहून वाईट: वर्षभरात स्क्रूभोवती पांढरी भुकटी साचते. आतून रुंद पट्टी द्यावी, कारण डिकीचा पत्रा पातळ, आणि दणके खाऊन पायाभोवती रंगाला केसासारख्या चिरा जातात.

सीलंट निवडताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नये, त्यातून सुटणारं आम्ल गंज वाढवतं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा काच चिकटवायचं पॉलियुरेथेन वापरा. पायाच्या खालच्या कडेला मात्र सील करू नका, आत गेलेल्या पाण्याला वाट ठेवा. चारी बाजूंनी बंद केलेल्या पायाच्या पोकळीत पाणी साचून हिरवं शेवाळ धरतं. जांभ्याची लाल धूळ तिथे चिखल होऊन बसते आणि थरथरीने रंगावर पॉलिश पेपरसारखी घासते.

तीन किलोच्या पात्याने डिकीचा समतोलही बिघडतो. चढावर तोंड करून उभ्या गाडीची डिकी अर्ध्यावर थांबेना, थेट डोक्यावर आली. गॅसच्या दांड्या किंवा पिळाच्या स्प्रिंगा मूळ डिकीच्या वजनापुरत्याच दिलेल्या असतात. आरशातून दिसणाऱ्या मागच्या दृश्यात आडवी पट्टी येते ती वेगळीच. घाटात मागच्या डंपरचे दिवे नेमके तिच्याआड लपतात. वरचा तिसरा ब्रेकलाइट झाकला जात नाही ना, हे दुसऱ्या माणसाला मागे उभं करून, बसकी आणि उंच अशा दोन्ही नजरांनी तपासावं. आणि गाडी माडाखाली लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: झावळ पडली तर पत्र्याला पोचा येतो, पात्याचे तुकडे होतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. गाडीच्या रुंदीबाहेर जाणारं, धारदार टोकांचं पातं अडवलं जाऊ शकतं. कंपनीच्याच ॲक्सेसरी यादीतली लिप सर्वांत निर्धोक, आणि विमा पॉलिसीत तिची किंमत नोंदवून घ्यावी.

पकडच वाढवायची असेल तर पैसा टायरांत घाला. पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. विमानांच्या टायरांसाठी नासाने मांडलेल्या सूत्राने 33 पीएसआयला तो ताशी 95 किमीच्या आसपास येतो, 25 पीएसआयला 83. हवा भरायला विसरल्याने ताशी बारा किमी हातचे जातात, आणि ते कुठलंही पातं भरून देत नाही. नक्षी 3 मिमीच्या खाली गेली की पावसाळ्याआधीच बदला, कायद्याच्या 1.6 पर्यंत वाट पाहू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, इथे दोन वर्षांच्या वर ठेवू नये. आंबा घाट उतरताना उपयोगी पडेल ते हेच.

लिप तशीच आहे आणि राहील. दिसते छान, वजन नगण्य, आणि दहा-पंधरा मिनिटांच्या पुसण्याखेरीज काही मागत नाही. हॅचबॅकवाल्यांनी मागच्या छपराच्या टोकाचा कंपनीचा स्पॉयलर घ्यावा. हवा कुठे सुटावी हे तो ठरवतो, त्यामुळे थोडा अडथळा कमी होऊ शकतो. पण मागची काच लाल चिखलाने माखायची थांबेल ही आशा ठेवू नये, वायपर लागतोच.

पातं काढताना टेप उचकटू नका, रंगासकट येते. केस वाळवायच्या ड्रायरने कड गरम करा आणि गरीचा तंगूस दुहेरी करून करवतीसारखा टेपमधून ओढा. उरलेला फोम अंगठ्याने चोळून गोळ्या करून काढायचा, चिकटपणा रॉकेलच्या बोळ्याने, मग पुन्हा शाम्पू. भोकांना रबरी बुच तात्पुरते. कायमचं करायचं तर पेंटरकडून भरून घ्या. सहा महिन्यांच्या उन्हाने आजूबाजूचा रंग उतरलेला असतो, त्यामुळे दोन पायांच्या जागी गडद ठसे दिसतात. रबिंगने ते फिके होतात, पूर्ण जात नाहीत.