फुलीचा टाका पुन्हा हातात : आठ महिन्यांनंतर साहित्याबद्दल

संक्रांतीनंतर मी क्रॉस स्टिच पुन्हा सुरू केलं. आमच्या घरी त्याला फुलीचा टाका म्हणतात. शाळेत असताना आईबरोबर पोपटांचं तोरण भरलं होतं. मग संसारात सुई निघायची ती बटण लावायलाच. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या चौरंगावर स्वतः भरलेला रुमाल घालायचा, हे मनात धरून जळगावच्या बाजारात गेले.

पहिली चूक कापडात झाली. मीटरवर मिळणारी स्वस्त मॅटी, म्हणजे चौकटीच्या विणीचं भरतकामाचं कापड, घेतली आणि पंधरा दिवस भरल्यावर गोल कमळ चपटं दिसायला लागलं. पट्टी लावली तर आडव्या इंचात विणीची 11 घरं (एका घरात एक फुली), उभ्या इंचात 13! सगळं उसवलं, फार वाईट वाटलं. मग 14 काउंटचं आयडा, म्हणजे फुलीच्या टाक्यासाठीच विणलेलं कापड, मागवलं. त्यात इंचाला 14 घरं, दोन्हीकडून सारखीच. माझा नमुना 140 बाय 98 घरांचा, म्हणजे 10 बाय 7 इंच. शिवाय चारही बाजूंनी 3-3 इंच जास्त ठेवलं. पैसे कमी असतील तर दोरे कमी घ्या, पण कापडात काटकसर करू नका.

दोऱ्यांचा शंभर रंगांचा बिननावाचा डबाही ऑनलाइन घेतला होता. लड्यांवर नंबरच नाहीत, त्यामुळे मरून संपला तो संपलाच. त्यातला लाल तर धुताना पांढऱ्यात उतरला. वाळू न देता गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळला, तेव्हा बराचसा निघाला. तेव्हापासून अँकर कंपनीच्याच लड्या घेते. 8 मीटरची सहापदरी लडी, नंबर सांगितला की तोच रंग मिळतो. 14 काउंटवर दोन पदर पुरतात. तरी गडद रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघतेच.

सुई 24 नंबरची, बोथट टोकाची. टोकदार सुईने दोरा चिरतो.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी घामाने दोरा मळतो, म्हणून पहाटे पाच ते सात एवढंच बसायचे. कापड ताणून धरणारी रिंग रोज रात्री काढून ठेवायची. एकदा आठवडाभर तशीच राहिली आणि कडेचा काळा गोल साबणाने दोनदा धुतल्यावर गेला.

रुमाल कानबाईच्या आदल्या दिवशी पुरा झाला. आईने हातात घेतल्या घेतल्या उलटा केला. "मागे गाठी नाहीत ना?" नव्हत्या. दोऱ्याची टोकं टाक्यांखालून ओवलेली, फुलीतली वरची तिरकी रेघ सगळीकडे एकाच दिशेची. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

आता त्या जुन्या तोरणातले पोपट घरं मोजून चौकटीच्या वहीत उतरवतेय. चोचीच्या लालचा नंबर कुणाच्या लक्षात नाही, म्हणून तोरणच पिशवीत घालून दुकानात नेलं आणि दारातल्या उन्हात एकेक लडी शेजारी धरून पाहिली. चौथी जुळली.