ट्रेडमिलवर ५ किमी, घड्याळात ४.६
बाहेर पळताना हे रनिंग वॉच एकदम मस्त चालतं, पण ट्रेडमिलवर अंतर कमीच दाखवतं, मशीनवर ५ किमी झाले की यात ४.६ च्या आसपास. आत जीपीएसचा उपयोग नसतो ना, हाताच्या हालचालीवरून पावलं मोजून अंदाज लावतं, त्यामुळे दांडा धरून पळालात तर अंतर हमखास कमी भरणार. आणि मशीन तरी कुठे शंभर टक्के बरोबर असतं, ते फक्त पट्टा किती फिरला ते मोजतं, सेटिंग चुकलेलं असलं की तिथेही फरक पडतो. रन झाल्यावर कॅलिब्रेट करायचा, म्हणजे मशीनवरचं अंतर टाकून घड्याळ जुळवून घ्यायचा, ऑप्शन आहे तो नक्की वापरा, मला बराच फायदा झाला, पण स्पीड बदलला की परत गडबड. इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू पळणाऱ्यांनी सरळ बुटाला लावायचा छोटा सेन्सर, म्हणजे फूट पॉड घ्या.