द फ्रेंच कनेक्शनची ब्लू-रे: काही महिने वापरल्यावर (आणि दोन आवृत्त्यांचा घोळ)

घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, कारण या १९७१ च्या अमेरिकन पोलीस पिक्चरच्या ब्लू-रेच्या दोन वेगळ्या आवृत्त्या बाजारात फिरतायत, एक २००९ ची आणि एक २०१२ ची, आणि सेकंडहँड विकणारे लोक वर्ष लिहायची तसदीच घेत नाहीत. माझ्याकडे दोन्ही आहेत. गेले काही महिने आलटून पालटून बघतोय, म्हणून जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

तर २००९ वालीचा किस्सा असा की दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनच्या डोक्यात आलं, पिक्चरचे रंग नव्याने करूया. त्याने आधी सगळा पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट करून घेतला आणि त्यावर रंगांचा भडक केलेला, जरा धूसर असा थर चढवला. हे कसं केलं ते तो त्याच डिस्कवरच्या एका एक्स्ट्रामधे (पिक्चरसोबत दिलेला जादा व्हिडिओ) कौतुकाने सांगतो पण! परिणाम काय, तर रंग कडांच्या बाहेर सांडल्यासारखे दिसतात, सगळ्यावर एक थंड निळसर झाक आणि काळ्या भागात ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, नुसती वळवळते. कॅमेरामन ओवेन रॉइझमनला विचारलंही नव्हतं, तो जाहीरपणे भडकला आणि मला विचाराल तर त्याचं बरोबरच होतं. २०१२ ला मग नवीन आवृत्ती आली, त्यात दोघांनी मिळून रंग परत जागेवर आणले. ती घ्या. जुनी फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांनी तुलना करायला ठेवावी.

पण २०१२ वाली लावली आणि पिक्चर लख्ख चकाचक दिसेल असं वाटत असेल तर नाही दिसणार, आणि दिसूही नये. हा १९७०-७१ च्या हिवाळ्यातला न्यूयॉर्क आहे, मळकट, राखाडी, गोठलेला. फ्रीडकिन डॉक्युमेंटरीतून आलेला माणूस, त्यामुळे बऱ्याच सीनमधे नट कुठून येणार कुठे जाणार हे तो कॅमेरा चालवणाऱ्याला सांगतच नसे, त्याने आपलं शोधत जायचं. शोधणारा होता एन्रिके ब्राव्हो, ज्याने आधी क्युबात क्रांतीचं शूटिंग केलेलं, म्हणजे कॅमेरा खांद्यावर घेऊन पळणं त्याला नवीन नव्हतं. म्हणून फ्रेम हलते, मधेच कोणी आडवं येतं, फोकस जरा उशिरा लागतो. टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद करा, शार्पनेस खाली आणा. ते चालू ठेवलं की हाच पिक्चर सीरियल वाटायला लागतो, खरंच सांगतो.

आता चेस, म्हणजे पाठलागाचा सीन. डिस्क घ्यायचं खरं कारण हेच, कारण रिमोट हातात घेऊन थांबत थांबत बघता येतो. ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टमधे वरून एलिव्हेटेड ट्रेन चाललीय, त्यात खुनी, आणि खाली खांबांच्या मधून पोंटियाक लेमान्स गाडी घेऊन पिक्चरचा नायक, पोलीस डिटेक्टिव्ह पॉपाय डॉईल (जीन हॅकमन). म्युझिक अजिबात नाही. फक्त हॉर्न, ब्रेक आणि ट्रेनची खडखड. काही शॉट सेकंदाला २४ ऐवजी १८ फ्रेमने घेतलेत म्हणजे वेग जास्त वाटावा, आणि हे पकडायचं असेल तर गाडीकडे नाही, सिग्नलला उभ्या असलेल्या एका दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरकडे बघा, धूर भलत्याच घाईत बाहेर पडतोय. एकदा दिसला की दर वेळी दिसतो, सॉरी. चौकात पांढऱ्या गाडीशी जी टक्कर होते ती ठरलेली नव्हती, तिथलाच एक माणूस आपल्या कामाला निघालेला आणि मधे आला, नंतर त्याची गाडी प्रॉडक्शनने दुरुस्त करून दिली. बाबागाडीवाली बाई मात्र ठरवून ठेवलेली. स्टंट ड्रायव्हर बिल हिकमन, तोच या पिक्चरमधे डॉईलशी सतत भांडणारा फेडरल एजंट मल्डरिग पण झालाय. ट्रेन मिळवायला ट्रान्झिटच्या अधिकाऱ्याला ४०,००० डॉलर आणि जमैकाचं एकेरी तिकीट द्यावं लागलं असं फ्रीडकिन नंतर सांगत असे. आणि एका भागात परवानगी-बिरवानगी काही नसताना खऱ्या ट्रॅफिकमधून गाडी सुसाट हाणली, मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन तो स्वतः. भारी वाटतं ऐकायला, पण रस्त्यावरच्या लोकांचा जीव धोक्यात घालून काढलेले शॉट आहेत ते, हे कळल्यावर मी तरी पूर्वीसारख्या टाळ्या वाजवत नाही.

इतक्यांदा बघून माझा आवडता सीन मात्र बदलला. आता पिझ्झावाला. आत गरम हॉटेलात फ्रेंच हेरॉइन तस्कर शार्निए निवांत कोर्सवर कोर्स जेवतोय आणि रस्त्यापलीकडे डॉईल थंडीत पाय आपटत पिझ्झा चावतोय, कॉफीचा घोट घेतो आणि वैतागून ओतून देतो. डायलॉग जवळपास नाहीच. कोण जिंकणार हे तिथेच कळतं. गंमत म्हणजे शार्निए झालेला फर्नांदो रे चुकून आलाय! फ्रीडकिनला हवा होता फ्रान्सिस्को राबाल, नावात गोंधळ झाला आणि विमानतळावर भलताच माणूस उतरला. वर दाढी काढणार नाही म्हणाला, आणि हा स्पॅनिश माणूस, फ्रेंच यथातथाच. पण त्या छत्रीवाल्या साहेबी थाटाशिवाय आता हा पिक्चर डोळ्यासमोर येतच नाही. जीन हॅकमन पण पहिली पसंती नव्हता आणि सुरुवातीला एका संशयिताला मारायचा सीन त्याला जमेना, काम सोडायच्या विचारात होता. त्यालाच पुढे ऑस्कर. एकूण ५ मिळाली, बेस्ट पिक्चर धरून.

एक्स्ट्रा भरपूर आहेत. ज्यांच्या १९६१-६२ च्या केसवर हे बेतलंय ते न्यूयॉर्कचे खरे पोलीस डिटेक्टिव्ह एडी ईगन आणि सनी ग्रोसो, त्यांच्याबद्दलचं सगळं आवर्जून बघा. ईगन तर पिक्चरमधे डॉईलचा साहेब झालाय, म्हणजे खरा पॉपाय खोट्या पॉपायला झापतोय, हसू आवरत नाही. फ्रीडकिनची कॉमेंटरी मात्र एकदा ऐकून पुरे. समोर दिसतंय तेच पुष्कळदा सांगतो. आवाजासाठी ५.१ (चहूबाजूच्या स्पीकरांचा सराउंड) लावू नका, मूळ मोनो (एकाच चॅनलचा) ट्रॅक लावा, ५.१ मधे शहराचा गोंगाट उगाच पसरवल्यासारखा वाटतो.

स्ट्रीमिंगवर असताना डिस्क कशाला असं बरेच जण विचारतात. तर २०२३ मधे एका नावाजलेल्या स्ट्रीमिंग सेवेवर प्रेक्षकांच्या लक्षात आलं की डॉईलच्या तोंडची वर्णद्वेषी शिवी असलेले काही सेकंद गुपचूप कापलेत. शिवी घाणच आहे, पण डॉईल कसा माणूस आहे हे तिथेच कळतं. माझ्या दोन्ही डिस्कमधे तो सीन अख्खा आहे. तेव्हा २०१२ वालीच मागा, विकणारा वर्ष सांगत नसेल तर मागच्या कव्हरचा फोटो मागा, आणि तोही देत नसेल तर सोडून द्या.