साधा झुलू सोटा की कोरीव काठी?

दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या काठ्या जमवायच्या तर सुरुवातीलाच हा प्रश्न येतो. एकीकडे 'इविसा', म्हणजे तिथल्या झुलू लोकांचा गोल डोक्याचा सोटा. दुसरीकडे मुठीशी माणूस किंवा माकड, नाहीतर दांड्याला वेटोळे घातलेला साप कोरलेली काठी.

कोरीव काठी नजरेत भरते आणि भावही तसाच खाते. पण अशा बऱ्याच काठ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या नाताळ वसाहतीकडच्या त्सोंगा जमातीच्या कारागिरांनी गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी घडवल्या. त्यामुळे 'सरदाराची काठी' अशी चिठ्ठी दिसली तर हसून सोडून द्यावी. 1879 च्या इंग्रज-झुलू युद्धानंतर शिपाई अशा वस्तू आठवण म्हणून घरी नेत. कारागिरी त्याने कमी ठरत नाही, किंमत मात्र गोष्टीची लावू नये.

इविसा पारखायला सोपा. डोकं आणि दांडा एकसंध लाकडाचे हवेत. खरा वापर झालेला सोटा पकडीच्या जागी जास्त गुळगुळीत असतो. नव्या मालावर काळपट रंग सगळीकडे सारखा फासलेला. तांब्या-पितळेच्या तारेचं विणकाम असेल तर भिंग लावा: फटींत मळ, एखादी तार निसटलेली. रंगीत प्लास्टिकची टेलिफोन तार दिसली की एकोणिसावं शतक विसरा.

गेंड्याच्या शिंगाच्या सोट्याला, कितीही जुना असो, हात लावू नका. सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार, आड येतो.

पहिली खरेदी असेल तर मी इविसाच घेईन, तोही तारेविना.