ध्येयाचे प्लॅनर: मुखपृष्ठ राहू द्या, आठवड्याचं पान दाखवा

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर ‘गोल प्लॅनर’ मागितला की बहुधा जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा आधी पुढे येतो. तो हातात घेतल्यावर मधलं कुठलंही पान उघडा. आठवड्याला समोरासमोरची दोन पानं आहेत का? ‘ठरवलं काय, झालं काय, राहिलं ते का’ लिहायला जागा आहे का? एवढ्यावरच बरेचसे प्लॅनर बाद होतात.

५२ आठवड्यांची १०४ पानं, १२ महिन्यांची २४, तिमाही आढाव्याची ८, अशी १३६ पानं कामाची. २०० पानी प्लॅनरमधली उरलेली ६४ पानं कशानं भरलीत ते चाळून बघा. सुविचार, रंगवायची चित्रं, ‘पाच वर्षांनी मी कुठे असेन’ छापाचे प्रश्न. काहींत येल विद्यापीठाची १९५३ सालची गोष्टही सापडते: ध्येय लिहून ठेवणारे ३ टक्के विद्यार्थी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत निघाले म्हणे. असा अभ्यास कधी झालाच नाही. ज्यानं ही गोष्ट न तपासता छापली, त्याचे बाकीचे सल्लेही जपूनच घ्यावेत.

ध्येयांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचं काम मात्र खरं आहे. ‘जमेल तेवढं कर’ यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय माणसाकडून जास्त काम करवून घेतं. पण आपण कुठवर आलो हे मधूनमधून कळत राहिलं पाहिजे. आढाव्याच्या रकान्याचा आग्रह त्यासाठीच. दुसरा उपयोगी रकाना जर-तरचा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून आलेला. ‘इंग्रजी सुधारायचं’ असं लिहून काही हलत नाही. ‘डोंबिवलीला सीट मिळाली की घाटकोपरपर्यंत अग्रलेख वाचायचा’ यानं हलतं. (डोंबिवलीला सीट मिळवणं हे वेगळं ध्येय.) असा रकाना नसला तर समासात दोन ओळी आखून घ्या.

सगळ्यात मोठी उणीव मात्र अशी, की विशी-बाविशीतल्या मुलामुलींचे दरवाजे ज्या तारखांना बंद होतात, त्यांच्यासाठी एकाही पानावर जागा नसते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट ३२ वर्षांची आणि प्रयत्न ६. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा स्कोअर ३ वर्षं चालतो. हे शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतः लिहावं लागतं: डावीकडे आपलं वय, उजवीकडे त्या वयात काय बंद होतं ते. मग शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. गेट फेब्रुवारीत असते. जुलैच्या सुरुवातीपासून धरले तर हातात साधारण ३० आठवडे. दहा विषयांना दोन-दोन आठवडे दिले की २० गेले, उजळणी आणि सराव चाचण्यांना ६. उरलेले ४ कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षेसाठी आधीच काढून ठेवा. नेमके हेच ४ आठवडे धरायचे राहतात आणि डिसेंबरात सगळं वेळापत्रक कोसळतं. ‘वेळापत्रक पाळता येत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांचं बहुतेक वेळा मोजणीतच चुकलेलं असतं.

म्हणूनच जानेवारीची तारीख छापलेला प्लॅनर विद्यार्थ्यांनी घेऊच नये. कॉलेजचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं, म्हणजे निम्मी पानं पहिल्याच दिवशी वाया. विनातारखेचा घ्या.

आकार ए-५, म्हणजे १४८ बाय २१० मिमी. याहून मोठा लोकलमध्ये उभ्यानं उघडत नाही. शिवणीची बांधणी सपाट उघडते. नुसत्या गोंदाची मधोमध दाबून उघडत राहिलं की कण्यापासून सुटते, आणि वायरची तार गर्दीत बॅग दाबली गेली की वाकते. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद जेल पेनाला पुरतो. शाईचं पेन वापरणाऱ्यांनी १०० जीएसएम बघावा.

पाचशे रुपयांच्या वरच्या प्लॅनरमध्ये सहसा पुठ्ठा आणि रिबन वाढते, आठवड्याचं पान तेच राहतं. आढाव्याचा रकाना असलेला विनातारखेचा प्लॅनर मिळाला नाही, तर २०० पानी साधं रजिस्टर घ्या, पट्टीनं दर दोन पानांवर तीन रकाने आखा आणि पानांना आकडे घाला. तासाभराचं काम आहे. एका पानावर ध्येयं तीनच. चौथं सुचलं तर आधीच्या तिघांपैकी एक खोडून.